परदेशी चुलीवर गोमंतकाचा मसाला
(व्याख्यान)



देवस्थानचा उत्सव म्हटला की पालखी, कीर्तन आणि समाराधना ह्या गोष्टी ओघानेच येतात. पालखीच्या मानकऱ्यांची नावे सर्वांस ठाऊक असतात. कीर्तनकारांचे नाव पत्रिकेवर छापले जाते. परंतु ज्यांनी पहाटेपासून चुलीपाशी उभे राहून शेकडो पानांचा स्वयंपाक सिद्ध केला, त्या आचाऱ्यांचे नाव पंक्तीतून उठलेल्यांपैकी किती जण सांगू शकतील? चव जिभेवर राहते आणि रांधणारा हात विस्मरणात जातो. अशा ह्या अनाम व्यवसायात शिरून, परदेशी भूमीवर आपल्या घरच्या चवीला तिचे नाव मिळवून देणाऱ्या एका पुरुषाची कथा आज सांगावयाची आहे. त्यांचे नाव फ्लॉइड कार्डोझ.

कार्डोझ यांचा जन्म 1960 साली मुंबईत, मूळ गोव्याच्या एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. देवघर निराळे असले तरी नारळ, आमसूल आणि ताजी मासळी यांची भाषा गोमंतकातील सर्व घरांना सारखीच कळते. तरुणपणी त्यांनी जैवरसायनशास्त्राचा अभ्यास आरंभिला होता. प्रयोगशाळेतील प्रतिष्ठित नोकरी हाच पुढचा सरळ मार्ग होता. परंतु आर्थर हेली यांची ‘हॉटेल’ ही कादंबरी वाचनात आली आणि त्यांचे मन त्या व्यवसायाकडे वळले.

गोवेकराने स्वयंपाकी म्हणून परमुलखात जाणे, ही गोष्ट तशी नवी नव्हती. इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर गोवेकर आचारी आणि वाढपी यांच्या पिढ्यांमागून पिढ्या खपल्या. बोटींच्या फेऱ्यांमधल्या काळात मुंबईच्या ‘कुडीं’तून, म्हणजे आपापल्या गावाच्या निवासांतून, ते दिवस काढीत. पण बोटीवर त्यांनी रांधले ते साहेबाच्या आवडीचे. घरची आमटी मेजावर गेली नाही. ती आपसांत वाटून खाण्यापुरतीच उरली. कार्डोझ यांच्यापुढेही हाच प्रश्न पुढे उभा राहावयाचा होता.

मुंबईत आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण घेऊन ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्या काळी तेथील बहुतेक भारतीय भोजनगृहांत तंदुरी कोंबडी, नान आणि सर्व पदार्थांना जवळजवळ एकच रस्सा, असा ठरलेला बेत असे. भारतीय जेवण म्हणजे स्वस्त जेवण, ही समजूत घट्ट झालेली होती. कार्डोझ यांनी ‘लेस्पिनास’ ह्या नामांकित फ्रेंच पद्धतीच्या भोजनगृहात खालच्या पायरीवरून आरंभ केला आणि मुख्य साहाय्यकाच्या पदापर्यंत ते चढले. तेथील प्रमुख ग्रे कुन्झ यांचे बालपण सिंगापूरला गेलेले असल्यामुळे आशियाई मसाल्यांविषयी त्यांना आस्था होती. फ्रेंच शिस्तीच्या त्या मुदपाकखान्यात मसाल्याला प्रवेश मिळाला खरा, पण तो पाहुण्यासारखा. पदार्थावर नाव फ्रेंचच राहिले.

1998 मध्ये डॅनी मायर ह्या व्यावसायिकाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन मार्गावर ‘तबला’ उघडले आणि त्याची धुरा कार्डोझ यांच्याकडे सोपविली. अमेरिकेतील ताजे मासे, खेकडे, भाज्या आणि त्यांना आपल्याकडील मसाल्यांचा संस्कार, अशी तेथील रीत होती. गोव्याच्या मसाल्यातील खेकड्याच्या वड्यांची ख्याती विशेष झाली. वरच्या मजल्यावर थाटाचे भोजन आणि खाली ‘ब्रेड बार’मध्ये तंदूरची भाकरी व घरगुती पदार्थ, अशी मांडणी होती. 1999 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक रूथ राइशल यांनी त्यास तीन तारे बहाल केले. आता भारतीय मसाला पाहुणा राहिला नव्हता. तो यजमानाच्या शेजारी बसला होता.

परंतु यश चिरकाल टिकतेच असे नाही. बारा वर्षांनंतर, 2010 च्या अखेरीस ‘तबला’ बंद झाले. पुढच्याच वर्षी ‘टॉप शेफ मास्टर्स’ ह्या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेच्या अंतिम फेरीत कार्डोझ उतरले. परीक्षकांपुढे काय ठेवावे? त्यांनी ठेवला तो उपमा! रानटी अळंबी, आमसूल आणि नारळाचे दूध यांच्या साथीने त्यांनी तो सादर केला. आपल्या घरी सकाळच्या घाईत होणारा हा पदार्थ तेथे ‘उपमा पोलेंटा’ असे जोडनाव घेऊन गेला. पोलेंटा म्हणजे मक्याच्या रव्याचा इटालियन प्रकार. स्पर्धा त्यांनी जिंकली आणि 100,000 डॉलरांचे बक्षीस कर्करोगाच्या संशोधनास देऊन टाकले.

जोडनावाचीही गरज पुढे उरली नाही. 2016 साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे भोजनगृह काढले, त्याचे नाव ‘पाववाला’. मुंबईला पावाची गोडी लावण्यात गोवेकर भटारखानेवाल्यांचा वाटा मोठा. ती स्मृती त्या नावात होती. हे भोजनगृह पुढे ‘बॉम्बे ब्रेड बार’ ह्या नावाने चालले आणि 2019 मध्ये बंद पडले. न्यूयॉर्कसारख्या महाग शहरात नावाजलेल्या हातालाही अपयश चुकत नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे. मात्र तोवर मायदेशी त्यांचे काम रुजले होते. भागीदारांसमवेत त्यांनी 2015 मध्ये मुंबईत ‘बॉम्बे कॅन्टीन’ आणि 2017 मध्ये गोमंतकीय चवींना वाहिलेले ‘ओ पेद्रो’ सुरू केले. जी चव बोटीवर मेजापर्यंत पोहोचली नव्हती, ती आता स्वतःच्या नावाने प्रमुख आसनावर बसली.

मार्च 2020 मध्ये मुंबईची भेट आटोपून ते अमेरिकेस परतले, तो जगावर करोनाची साथ कोसळली. त्या महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात न्यू जर्सीमध्ये त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे 59. त्यांचे गुरू ग्रे कुन्झ हेही त्याच महिन्याच्या आरंभी निवर्तले होते.

कार्डोझ यांनी मागे दोन पुस्तके ठेविली, 2006 आणि 2016 सालची. आपल्या आज्या ज्यास ‘हाताचा अंदाज’ म्हणत, तो त्यांत चमच्यांच्या मापाने लिहिलेला आहे. महाजन कुटुंबांतील कितीतरी मुले आज समुद्रापार आहेत. सणाच्या दिवशी ती घरी दूरध्वनी करून विचारतात, ‘आई, आमसुले किती घालू?’ उत्तर देणारे माणूस आहे तोवर ठीक, पण त्यानंतर? घराघरांतील हे अंदाज कागदावर उतरले पाहिजेत आणि त्यांखाली ज्या हातांचे ते आहेत, त्यांचे नावही लिहिले पाहिजे. आणि येत्या समाराधनेला पंक्तीतून उठताना आचाऱ्याचे नाव विचारून घ्यावे. कार्डोझ यांच्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध एवढाच आहे.