निळ्या टोपीखालचे मन

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या नेसरीला शौर्य शिकवावे लागत नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर व त्यांचे सहा सोबती येथल्याच खिंडीत पडले. परंतु त्याआधी महाराजांचे बोल त्यांच्या जिव्हारी लागले होते, हे आपण विसरतो. वीरालाही मन असते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

लढणाऱ्या शिपायाचे दुःख आपल्याला थोडेफार कळते. शांतता राखण्यासाठी पाठविलेल्याचे कळत नाही. १९५३ साली कोरियात, मायदेशी परतण्यास नाकारणाऱ्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांची राखण भारतीय फौजेकडे आली. तिचे सेनापती होते आपल्या कोल्हापूरचे शंकरराव थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या घोळक्यात गेले आणि बोलूनच त्याला सोडवून आणले. हाती बंदूक असता हात आवरायचा, हे काम सोपे नव्हे.

पुढे गाझा, काँगो, लेबानन, दक्षिण सुदान येथे निळी टोपी घालून आपले जवान गेले. डोळ्यांदेखत माणसे मरतात, लेकरे पोरकी होतात. पण हुकमाची मर्यादा ओलांडता येत नाही. "मला काही करता आले नाही," हा सल घेऊन कित्येकजण घरी येतात.

माझा धाकटा दीर काँगोहून आला तो अंगाने धडधाकट. पण रात्री दचकून उठे, फटाका वाजला की परड्यात जाऊन बसे, पोरांवर उगाच डाफरे. आम्ही बाधा समजून आठ महिने अंगारे-धुपारे केले. "शिपायाने एवढे हळवे असू नये," असेही मी त्याला बोलले. अखेर डॉक्टरांनी सांगितले, की हा आजार आहे व त्यावर उपचार आहेत. औषधाने आणि मोकळ्या बोलण्याने त्याला हळूहळू झोप लागू लागली. माझे ते शब्द मात्र मला अजून बोचतात.

म्हणून भगिनींनो, अशा माणसाला खोदून विचारू नका. बोलू लागला तर मात्र हातचे काम टाकून ऐका. महिनाभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे न्या. जगणे नको असे तो म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी न्या. १४४१६ या सरकारी टेलिफोनवर रात्रंदिवस, मराठीतूनही, विनामूल्य सल्ला मिळतो.

जवान आला की आपण त्याला ओवाळतो. निरांजन खाली ठेवल्यावर जरा त्याच्यापाशी बसूही या.