भिवंडीच्या मुलांना मोकळा श्वास मिळावा



बालश्वसनविकारतज्ज्ञांच्या परिषदेसाठी यंत्रमागांच्या या नगरीत आलेल्या आपणा सर्वांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो.

कामवारी नदीच्या काठचे हे शहर येथील भूमिपुत्रांनी आणि उत्तर प्रदेश, तेलंगणातून आलेल्या विणकरांनी घाम गाळून उभे केले. येथे मागांची खडखड रात्रीही थांबत नाही. अनेकांची घरे कारखान्यांना लागूनच आहेत. कापसाच्या तंतूंची धूळ, सायझिंगच्या बॉयलरचा धूर, रस्त्यांची माती आणि एका खोलीतली दाटीवाटी यांतच आमची मुले वाढतात. ही परिषद भिवंडीत व्हावी असा आग्रह आम्ही धरला, तो यासाठीच.

त्यातच २०२२च्या अखेरीस मुंबई आणि मालेगावबरोबर भिवंडीतही गोवराची साथ आली. गोवरात मूल दगावते, ते बहुधा मागोमाग येणाऱ्या न्यूमोनियाने. २०२१पासून न्यूमोनियापासून बचाव करणारी न्यूमोकोकल लस देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली आहे. गोवराची लस आणि ही लस प्रत्येक बाळाला वेळेवर मिळाली, तर कितीतरी आजार दाराबाहेरच थांबतील.

उरलेल्या आजारांसाठी मात्र तज्ज्ञ हवेत. तान्ह्या बाळाची श्वासनलिका इतकी अरुंद असते, की जराशी सूजही जिवावर बेतते. महिनोन्‌महिने न हटणारा खोकला दम्याचा आहे, क्षयाचा आहे, की शेंगदाण्याचा दाणा आत अडकला आहे, हे ठरवायला अनुभवी नजर लागते आणि कधी लहानांची ब्रॉन्कोस्कोपी करणारा सराईत हातही. त्यासाठी आमच्या आईबापांना परळचे वाडिया, केईएम किंवा सायन गाठावे लागते. मागावर एक खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. मग पुढची तारीख चुकते, ‘पंपाची (इनहेलरची) सवय लागते’ या भीतीने औषध सुटते आणि मूल पुन्हा धापा टाकत येते.

यावरची वाट महाराष्ट्रानेच दाखवली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजायला आणि न्यूमोनियाचे औषध द्यायला शिकवले. त्यामुळे बालमृत्यू घटले. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते काम जगापुढे मांडले. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० असले, तर धोका ओळखावा. एवढे ज्ञान आमच्या प्रत्येक वस्तीत पोहोचू शकते. गडचिरोलीच्या जंगलात जे झाले, ते मुंबईच्या वेशीवर का होऊ नये?

म्हणून तज्ज्ञांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस बालश्वसनविकारांची ओपीडी चालवण्यासाठी आपला वेळ द्या. प्रत्येक दवाखान्यात मुलांचा पल्स ऑक्सिमीटर आणि पंपाला जोडायचा स्पेसर नीट वापरला जावा, यासाठी येथील डॉक्टरांना प्रशिक्षण द्या. आणि घरी जाणाऱ्या प्रत्येक आईच्या हाती उपचाराचा कागद मराठी, उर्दू, हिंदी किंवा तेलुगू अशा तिला वाचता येईल त्या भाषेत द्या. जागा, माणसे आणि पैसा उभा करण्याची जबाबदारी आम्ही भिवंडीकर घेतो.

परिषद संपेल तेव्हा पहिल्या ओपीडीची तारीख ठरलेली असावी, एवढेच मागणे मागतो आणि आपणा सर्वांचे पुन्हा एकवार स्वागत करतो.