वायद्याचा सौदा : यंत्र निवडण्यापूर्वी

तासगावच्या मार्केट यार्डात बेदाण्याचा सौदा तुम्ही पाहिलाच असेल. बॉक्स फोडतात, मूठभर माल हातावर घेतात, रंग पाहतात, एखादा मणी दाताखाली धरतात आणि मगच बोली चालू होते. माल समोर, घेणारा समोर, अडत्या ओळखीचा. आता यार्डाबाहेर चहाला बसलेली तरुण पोरे मोबाईलवर हळदीचा वायदा पाहत असतात. तेथे माल दिसत नाही, घेणारा दिसत नाही, आणि अडत्याच्या जागी एक अ‍ॅप असते. "तात्या, वायद्याला कुठलं अ‍ॅप चांगलं?" असे मला कित्येकजण विचारतात. त्यांना मी जे सांगतो तेच आज सांगणार आहे.

वायदा आपल्या भागाला नवा नव्हे. हळदीच्या वायद्यासाठी स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज ही संस्था सांगलीतच होती. १९५२ साली वायद्यांचा कायदा झाला, १९५३ साली त्यावर देखरेखीसाठी आयोग आला, आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी तो आयोग सेबीत विलीन झाला. हळदीचा वायदा पुढे एनसीडीईएक्स या २००३ साली सुरू झालेल्या बाजारात गेला. तेव्हा पहिली गोष्ट ही की अ‍ॅप म्हणजे बाजार नव्हे. ती दलालाच्या दुकानाची खिडकी आहे. दलालाची सेबीकडे नोंदणी आहे ना, आणि ज्या बाजारात तुम्हांला सौदा करावयाचा त्याच बाजाराचा तो सभासद आहे ना, हे आधी बघा. प्रत्येक दलाल हळदीचा वायदा देतोच असे नाही. आणि बेदाण्याला तर वायदाच नाही. बेदाण्याचा वायदा म्हणून कोणी काही गळ्यात मारू लागला, तर चहा अर्धा टाकून उठावे. सौद्याची लेखी पट्टी न देता वहीत आकडा मांडून घेणारा 'डब्बा'वालाही त्याच जातीचा. तेथे पैसे बुडाले तर दाद कुठे मागणार?

आता माझ्या चुलतभावाची गोष्ट सांगतो. त्याची पन्नास क्विंटल हळद गोदामात होती. भाव उतरतील या भीतीने त्याने एक लॉट विकून ठेवला. हळदीचा लॉट पाच टनांचा, म्हणजे बरोबर पन्नास क्विंटल. हिशोब चोख होता. परंतु तीन दिवसांत भाव क्विंटलमागे सातशे रुपयांनी चढला. गोदामातील हळदीची किंमत वाढली हे खरे, पण वायद्याचा हिशोब रोज सायंकाळी रोखीने होतो, आणि पस्तीस हजार रुपये त्याला तत्काळ भरावयाचे होते. हळद गोदामात, पैसा हळदीत! दलालाने दुसऱ्या दिवशी सकाळीच सौदा परस्पर कापला. पंधरवड्याने भाव पुन्हा खाली आला आणि हळद त्या पडत्या भावात गेली. दोन्हीकडून मार.

दलालाने लबाडी केली का? मुळीच नाही. अटी लिहिलेल्या होत्या. भावाने वाचल्या नव्हत्या. म्हणून दलाली दोन रुपयांनी कमी की जास्त हे मागाहून विचारा. आधी हे विचारा, की पैसे कमी पडले तर किती वेळ थांबणार, कळवणार कसे, आणि मोबाईल बंद पडल्यास सौदा मोडायला फोन नंबर कोणता? तो नंबर सौदा करण्याआधी एकदा फिरवून पाहावा. कोणी उचलतो का ते कळते.

हा नुसता शंकेखोरपणा नव्हे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी खुद्द राष्ट्रीय शेअर बाजाराचे काम सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. त्याआधी २० एप्रिल २०२० रोजी तर अघटित घडले. टाळेबंदीमुळे एमसीएक्सचा बाजार सायंकाळी पाचलाच बंद होई. कच्च्या तेलाचा भाव बंद होताना पिंपाला ९६५ रुपये होता. त्या रात्री न्यूयॉर्कला भाव शून्याखाली गेला आणि इकडचा अखेरचा हिशोब उणे २,८८४ रुपयांनी झाला. शंभर पिंपांच्या एका लॉटमागे घेणाऱ्याला ३,८४,९०० रुपयांचा फटका! त्याच्या हातातले अ‍ॅप कितीही वेगवान असते, तरी बाजारच बंद होता हो.

सौदा टाकतानाही सांभाळावे. लांबच्या महिन्याच्या हळदीत घेणारे-देणारे थोडे असतात. तेथे 'मार्केट' म्हणून हुकूम दिला तर मिळेल त्या भावाने माल तुमच्या माथी. 'लिमिट' घालून आपला भाव सांगावा. हा वायदा निजामाबाद धरून चालतो, सांगलीच्या राजापुरीचा भाव त्याहून वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवा.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअरबाजारातील वायदे-विकल्पांची पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरातील ९३ वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला होता. अ‍ॅपे त्यांच्याजवळही चांगलीच होती.

चुलतभाऊ आता हळदीचा बंद भाव आणि सांगलीचा यार्डातला भाव शेजारीशेजारी वहीत लिहितो. दोन महिने झाले, सौदा केलेला नाही. परवा मला म्हणाला, "तात्या, त्या फोन नंबरवर चार वेळा फोन केला. दोनदाच उचलला."