खारे पाणी, बुडबुडे आणि खनिजांचे फेनतरण



तांब्याच्या अनेक मोठ्या खाणींतील धातुकात तांब्याचे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी असते. उरलेला निरुपयोगी दगड वेगळा करण्यासाठी फेनतरण पद्धत वापरली जाते. धातुक दळून पाण्यात मिसळतात, त्यात हवा सोडतात आणि विशिष्ट रसायनांच्या साहाय्याने इष्ट खनिजाचे कण पाण्याने ओले न होणारे बनवतात. असे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. दगडाची भुकटी खाली राहते.

या पद्धतीचे यश बुडबुड्यांच्या आकारावर अवलंबून असते. तेवढ्याच हवेचे लहान बुडबुडे झाले, तर एकूण पृष्ठभाग वाढतो आणि कणांशी गाठ पडण्याची शक्यताही वाढते. मात्र गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. ते टाळण्यासाठी फेनकारक रसायन घालावे लागते.

पाण्यात विरघळलेले क्षार हेच काम वेगळ्या रीतीने करतात. लिटरमागे सुमारे 5 ते 10 ग्रॅम मीठ असले, की बुडबुड्यांचे एकत्र येणे मोठ्या प्रमाणात थांबते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे फुटणाऱ्या लाटेत बारीक, टिकाऊ बुडबुडे दिसतात. यातील विशेष असा, की फेनकारक पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, तर मीठ तो किंचित वाढवते. सर्वच विद्राव्य पदार्थांचा परिणाम सारखा नसतो. मीठ बुडबुडे रोखते, हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र रोखत नाही. क्रेग, निनहॅम व पॅशली या शास्त्रज्ञांनी 1993 मध्ये धन व ऋण आयनांच्या जोड्यांनुसार असे नियम मांडले. त्यामागील कारणाचा सर्वमान्य उलगडा अद्याप झालेला नाही.

या विज्ञानाला विकासाच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. चिलीच्या उत्तर भागात अटाकामा हे जगातील अतिशय कोरडे वाळवंट आहे आणि तांब्याचे विपुल साठेही तेथेच आहेत. गोड्या पाण्याच्या मोजक्या साठ्यांवर वस्त्या, शेती आणि खाणी या तिघांचाही दावा असतो. तेथील एस्पेरान्झा खाण 2011 मध्ये सुरू झाली, तेव्हा सुमारे 145 किलोमीटर लांबीच्या नळातून समुद्राचे पाणी सुमारे 2,300 मीटर उंचीवर नेऊन ते क्षार न काढताच फेनतरणासाठी वापरण्यात आले.

तथापि, या मार्गात अडचणीही आहेत. तांब्याबरोबर लोहयुक्त पायराइट वर येऊ नये, म्हणून चुना घालून पाण्याचा सामू 10 च्या वर नेण्याची प्रथा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असते. सामू एवढा वाढला की त्याचे हायड्रॉक्साइड साक्याच्या रूपाने वेगळे होते आणि खनिजकणांवर बसते. त्याचा सर्वाधिक फटका मॉलिब्डेनमच्या मौल्यवान खनिजाला बसतो. यावर उपाय म्हणून चुन्याचा वापर मर्यादित ठेवून सामू कमी राखणे आणि पायराइट दाबण्यासाठी अन्य रसायने वापरणे, किंवा मॅग्नेशियम आधीच काढून टाकणे, असे पर्याय आहेत. याखेरीज यंत्रे गंजतात आणि तयार मालातील क्लोराइड धुण्यासाठी थोडे गोडे पाणी लागतेच.

भारतातील मलांजखंडची तांब्याची खाण किंवा रामपुरा आगुचाची जस्त-शिशाची खाण समुद्रापासून दूर आहे. तरीही हा विषय भारताला परका नाही. खनिजप्रक्रियेत तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरले, की त्यात कॅल्शियम, सल्फेट आदी क्षार साठत जातात आणि फेनतरणाचे गणित बदलते. म्हणून पाण्याच्या पुनर्वापराचे धोरण आखताना किती पाणी वाचले याबरोबरच त्या पाण्यात काय विरघळले आहे, याचीही नोंद ठेवावी लागते. ती नीट ठेवली, तर खाणीला लागणारे गोडे पाणी गावासाठी आणि शेतासाठी राखता येते.