धाकटी बहीण, तीच आई
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



आज मंदिरावर कळस चढला. अशा मंगल प्रसंगी आळंदीच्या एका पोरक्या घराचे स्मरण करू या.

रुक्मिणीबाईंनी सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घातल्या आणि मोडलेला संसार परत मिळवला, अशी कथा आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि धाकटी मुक्ताई ही चार लेकरे झाली. पण संन्याशाची पोरे म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले. प्रायश्चित्त म्हणून आईवडिलांनी देहत्याग केला, असे चरित्रकार सांगतात. मुक्ताई तेव्हा अजाण होती. आईचा पदर सुटला आणि चूल तिच्याकडे आली.

लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेवांनी एकदा झोपडीची ताटी लावून घेतली. दाराशी मुक्ताईच गेली. तिने भावाची समजूत घातली, संतपणाची आठवण दिली. त्या ताटीच्या अभंगांत बहिणीचा लाड आहे आणि आईची दटावणीही आहे.

वयोवृद्ध योगी चांगदेवांनी तिलाच गुरू मानले. शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये ज्ञानदेव समाधिस्थ झाले. पुढच्याच वर्षी तापीतीरी वीज कडाडली आणि मुक्ताई अंतर्धान पावली. वय अवघे अठराच्या आसपास! तिला स्वतःचे लेकरू नव्हते. तरी वारकरी तिला ‘आई’ म्हणतात. दर आषाढीला मुक्ताईनगरहून तिची पालखी पंढरीला जाते.

मंडळी, देवळाचे दार नवे झाले. कोणाच्या घरी भावाभावांत ताटी लागली असेल आणि बाहेर धाकटी बहीण उभी असेल, तर ती आजच उघडावी. गेलेल्या आईला तेवढे पोचेल.

बोला, आदिशक्ती मुक्ताबाई की जय!