बागुलबुवाचं हॉटेल

मी मुंबईहून, रे रोडहून बोलतेय. इथल्या वस्तीत महिला बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी माझ्या तोंडात हप्ता, व्याज, इतिवृत्त आणि पासबुक हेच शब्द असतात. आज मात्र मी भुतांबद्दल बोलणार आहे. रेडिओ बंद करू नका, ही भुतं हसवणारी आहेत.

आधी माझं ठिकाण सांगते. रे रोड हे हार्बर लाइनवरचं जुनं स्टेशन. १९१० साली कुर्ल्याहून इथपर्यंत रेल्वे आली. रे नावाचे एक गोरे गव्हर्नर होते, त्यांचं नाव या भागाला पडलं. स्टेशनाच्या पूर्वेला समुद्राच्या बाजूला दारूखाना आहे. नाव ऐकून हसू नका, ही दारू प्यायची नव्हे, तोफेची. आता तिथं जुन्या बोटी तोडतात. लोखंडाचे पत्रे, साखळदंड, नांगर यांचे ढीग, गॅसने कापणारे कामगार आणि दिवसभर ट्रक. आमच्या गटातल्या बायका कोकणातल्या, घाटावरच्या, काही उत्तरेकडून आलेल्या.

मागच्या मे महिन्यात गटाची मासिक बैठक होती. शाळांना सुट्टी, त्यामुळे बायकांबरोबर पोरंही आली. हिशेब चालेना इतका दंगा. शेवटी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने कोपऱ्यात लॅपटॉप ठेवला आणि हिंदीतून एक कार्टूनपट लावून दिला. ‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ त्याचं नाव. २०१२ सालचा अमेरिकेतला सिनेमा. पोरं खिदळायला लागली आणि हळूहळू आम्हीही वह्या मिटून बघायला बसलो.

गोष्ट अशी आहे. ड्रॅक्युला नावाचा, माणसांचं रक्त पिणारा एक सरदार. ब्रॅम स्टोकर या लेखकाने १८९७ साली त्याच्यावर कादंबरी लिहिली आणि तेव्हापासून तो जगाला घाबरवतोय. १९३१ साली त्याच्यावर बोलपट निघाला, त्याच वर्षी फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचाही निघाला. पुढे ममी आली, अदृश्य माणूस आला, लांडग्याचं रूप घेणारा माणूस आला. आपल्याकडे जसे मुंजा, हडळ आणि वेताळ, तशी ही त्यांच्याकडची मंडळी.

या कार्टूनपटात ही सगळी भुतं माणसांनाच घाबरतात. ‘माणूस फार वाईट, दिसला की काठी घेऊन मागे लागतो,’ असं ती म्हणतात. म्हणून ड्रॅक्युलाने डोंगरात एक हॉटेल बांधलंय, फक्त भुतांसाठी. सगळी तिथं सुट्टीला येतात. तो धिप्पाड राक्षस विमानाला घाबरतो, म्हणून स्वतःचे तुकडे करून पार्सलने येतो. लांडगा-माणसाला इतकी पिल्लं आहेत की बिचारा उभ्याउभ्या पेंगतो. आमच्या एक मावशी म्हणाल्या, ‘याला आपल्या गटात घ्या, कर्ज लागेल!’ हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

यातल्या फ्रँकेन्स्टाइनबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. ती कथा एका बाईने लिहिली. मेरी शेली तिचं नाव. लिहायला घेतली तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. तिची आई बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली होती. १८१८ साली पुस्तक छापलं, तेव्हा त्यावर तिचं नावसुद्धा नव्हतं. आणि फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला घडवणाऱ्या माणसाचं आहे. त्याने जीव घातला आणि मग त्याच जिवाला टाकून पळाला. राक्षस वाईट झाला तो त्यानंतर. टाकलेल्या लेकराची ही गोष्ट दोनशे वर्षं झाली तरी लोक विसरले नाहीत.

आता परत हॉटेलात येऊ. ड्रॅक्युलाला एक मुलगी आहे, मेव्हिस. तिच्या आईला माणसांच्या जमावाने मारलं, म्हणून बापाने पोरीला कधी बाहेर सोडलं नाही. तिचा ११८वा वाढदिवस येतो. भुतांमध्ये ते वय म्हणजे आपल्याकडची अठरा वर्षं समजा. ती म्हणते, ‘बाबा, तुम्ही शब्द दिला होता, मला बाहेर जाऊ द्या.’ बाप म्हणतो, ‘जा, जवळच गाव आहे, बघून ये.’ पोरगी आनंदाने उडत जाते. पण ते गाव खोटं असतं. बापाने हॉटेलातल्या नोकरांना माणसांचे कपडे घालून तिथं उभं केलेलं असतं. ते मशाली घेऊन अंगावर येतात, पोरगी घाबरून घरी पळते आणि बापाला म्हणते, ‘तुम्ही खरं सांगत होता.’

इथं पोरं हसत होती आणि आम्ही बायका गप्प झालो. एक ताई हळूच म्हणाल्या, ‘हे तर आपणच करतो की गं.’

मैत्रिणींनो, मला ते सगळ्यात जास्त लागलं. त्याचं कारण सांगते. माझा मुलगा नऊ वर्षांचा. त्याने दारूखान्याकडे जाऊ नये म्हणून मी त्याला लहानपणापासून सांगत आले, की तुटक्या बोटीत एका खलाशाचं भूत राहतं, पोरांना ओढून नेतं. चार वर्षं ते भूत माझ्या कामी आलं. तो त्या बाजूला फिरकायचा नाही. मला वाटायचं, काम झालं.

मग एक दिवस मोठ्या पोरांनी त्याला सांगितलं, ‘भूतबीत काही नसतं, चल.’ तो गेला. भूत नव्हतंच. त्यामुळे तो बिनधास्त पत्र्यांच्या ढिगावर चढला, घसरला आणि पोटरी फाडून घेतली. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. मी रडत रडत विचारलं, ‘सांगितलं होतं ना, तिकडे जायचं नाही?’ तो म्हणाला, ‘आई, तू भूत आहे म्हणाली होतीस. पत्रा लागतो असं कुठे म्हणाली होतीस?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षांत मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं, की तिथं गंजलेला पत्रा सुरीसारखा कापतो, गॅसच्या सिलिंडरजवळ उभं राहायचं नाही, मागे येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला लहान मूल दिसत नाही. खरा धोका मी लपवला आणि खोटा दाखवला. खोटा उघडा पडला त्या दिवशी माझं बाकीचं बोलणंही त्याला खोटंच वाटलं. सिनेमातही तसंच होतं. गाव खोटं होतं हे मेव्हिसला कळतं, तेव्हा ती जगापेक्षा बापावर जास्त रागावते.

तुम्ही म्हणाल, हे मुंबईचं झालं, आमचं काय? तर ऐका. आमच्याकडची पोरं सुट्टीत तुमच्या गावांना येतात, तेव्हा आम्ही त्यांना सांगतो, पिंपळावर मुंजा आहे, चिंचेखाली हडळ आहे, विहिरीत जखीण आहे. आणि तुम्ही तुमच्या मुलींना सांगता, मुंबईत पोरी पळवतात, मुंबईला गेलेली पोरगी परत येत नाही. म्हणजे तुम्ही आमची भीती घालता आणि आम्ही तुमची. दोन्हीकडे खोटी गावं उभी केलेली.

म्हणून आम्ही गटात एक काम केलं. इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर दोन रकाने पाडले. एका बाजूला पोरांना आपण काय भीती घालतो ते लिहिलं, दुसऱ्या बाजूला त्यामागचा खरा धोका. विहिरीत जखीण आहे, याच्या पुढे लिहिलं, विहिरीला कठडा नाही. तिन्हीसांजेला वडाखाली जाऊ नको, भूत धरतं, याच्या पुढे, अंधारात साप दिसत नाही, बॅटरी घेऊन जा. मोटारीच्या खोलीत भूत आहे, याच्या पुढे, वायर उघडी आहे. ‘जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचेल’ याच्या पुढे तर काहीच लिहिता येईना. उलट ती भीती घालून आपणच पोराला दवाखान्याचा शत्रू करतो. आणि गंमत बघा, दुसऱ्या रकान्यातली बरीच कामं आपल्याला करता येण्यासारखी निघाली. जखीण घालवता येत नाही, पण कठड्यासाठी ग्रामसभेत अर्ज देता येतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भुताची भीती पोरांपुरती राहत नाही, ती बाईच्या अंगावर येते. एखादी बाई बाळंतपणानंतर गप्प झाली, बडबडायला लागली, तर तिला झपाटलंय म्हणून मारतात, मिरचीची धुरी देतात, साखळीने बांधतात. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कितीतरी वर्षं खस्ता खाल्ल्या आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. अशा बाईला मांत्रिकाकडे नाही, डॉक्टरकडे न्यायचं. साप चावला तरी तेच. वेळ घालवायचा नाही, १०८ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा.

आता मुलींचं बघू. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीला बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश मिळाला, पण लांब, सांगली जिल्ह्यात. आई म्हणाली, ‘नको. हॉस्टेलवर काय काय होतं, मी ऐकलंय.’ मुलगी आठ दिवस जेवेना. हा सिनेमा बघितल्यावर पंधरा दिवसांनी ती ताई स्वतःच बैठकीत म्हणाली, ‘मी काय ऐकलंय ते मलाच नीट माहीत नाही. चला, बघून येऊ.’

मग ती ताई, मी आणि गटाच्या सचिव, तिघी रात्रीच्या एसटीने गेलो. वॉर्डन बाईंना भेटलो. गेट किती वाजता बंद होतं, मुलगी आजारी पडली तर कोण दवाखान्यात नेतं, कोणी त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करायची, एसटी स्टँड किती लांब, वाटेत दिवे आहेत का, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. दोन गोष्टी आवडल्या नाहीत. संडासाच्या एका दाराला कडी नव्हती आणि मागच्या गल्लीत अंधार होता. तसं तोंडावर सांगितलं. कडी बसवतो म्हणाले, आणि बसवली. गल्लीतून एकटीने जायचं नाही, हे मुलीला सांगितलं, कारणासकट. अनामत रक्कम कमी पडत होती, त्यासाठी गटातून आठ हजारांचं कर्ज दिलं.

मुलगी गेली. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. पहिला महिना ती रोज फोनवर रडायची आणि आईही इकडे रडायची. आई अजून दिवसातून दोनदा फोन करते. काळजी गेलेली नाही, ती जाणारही नाही. पण आता ती काळजी कशाची आहे, हे तिला ठाऊक आहे.

सिनेमाच्या शेवटी काय होतं सांगू? ड्रॅक्युलाला आपली चूक कळते. पोरीचा मित्र, जो माणूस असतो, त्याला परत आणायला तो भर उन्हात बाहेर पडतो. उन्हाने तो भाजतो, तरी जातो. आणि ज्या माणसांना तो आयुष्यभर घाबरला, तीच माणसं त्याच्यावर सावली धरतात. बापालाच आधी बाहेर पडून जग बघावं लागलं. आम्ही तिघी एसटीत बसलो, तेव्हा मला त्याची आठवण झाली.

आणि हे सांगायला परदेशातला ड्रॅक्युला कशाला हवा? आपल्या म्हातारीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. ती लेकीकडे निघते, वाटेत रान आहे, वाघ आहे. वाघ नाही असं तिला कुणी सांगत नाही आणि वाघ आहे म्हणून ती घरीही बसत नाही. वाघाला म्हणते, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. आणि परत येताना लेक तिला मोठा भोपळा देते. त्यात बसून म्हातारी सुखरूप घरी येते. मला तर वाटतं, तो भोपळा देणारी लेक फार शहाणी होती.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडा. आपण पोरांना, सुनांना, मुलींना कशाकशाची भीती घालतो ते एका बाजूला लिहा आणि खरं काय आहे ते दुसऱ्या बाजूला. ज्या ओळीपुढे काही लिहिता येणार नाही, ती खोडून टाका. ज्या ओळीपुढे खरा धोका निघेल, त्याचं काय करायचं ते गटात ठरवा. मुलांना संकटात १०९८ आणि कुणालाही ११२ हे नंबर पाठ असू देत.

माझ्या मुलाच्या पोटरीवर व्रण राहिलाय. परवा त्याने वस्तीतल्या एका छोट्या पोराला दारूखान्याकडे जाताना हटकलं. मला वाटलं, आता भूत सांगणार. त्याने पँट वर केली, व्रण दाखवला आणि म्हणाला, ‘पत्रा लागतो. चल, इकडे खेळू.’