नवा शब्द आणि जुनी वहिवाट



शाळेशी आमचा संबंध लवकर सुटला. पुढचे शिक्षण उद्यमनगरातल्या गेटसभांत आणि रात्रीच्या वाचनात झाले. असा माणूस संगणकाच्या भाषेवर बोलायला उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटेल. पण हा विषय आमच्याकडे वर्गणीच्या वहीतून चालत आला.

सभासदांची सेवावर्षे आणि वर्गणी यांचा हिशेब वीस वर्षांपूर्वी एका सभासदाच्या मुलाने 'सी' भाषेत लिहून दिला होता. गेल्या वर्षी एक कारखाना बंद पडला. ग्रॅच्युइटीचे दावे लावायचे होते, आणि नेमका तेव्हाच संगणक बदलला. नव्या यंत्रावर तो हिशेब उभाच राहीना. कार्यालयातला तरुण म्हणाला, "काका, जुने लिखाण चुकीचे आहे, टाकून द्या." वीस वर्षे ज्याने पैशाची चूक केली नाही, ते एका रात्रीत चुकीचे कसे झाले? म्हणून आम्ही खोलात गेलो.

माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा जो दुभाषी, त्याला कम्पायलर म्हणतात. काही शब्द त्याला उपजतच ठाऊक असतात. बाकीचे लिहिणारे स्वतः ठरवतात, आणि वारंवार लागणारे काम बांधून ठेवतात. त्या गाठोड्याला लायब्ररी म्हणायचे. १९८९ च्या प्रमाण 'सी' भाषेत नुसते 'होय की नाही' ठेवणारा प्रकार नव्हता. म्हणून अनेकांनी 'बूल' या नावाने तो आपापला बनवला, आणि पुष्कळांनी साध्या पूर्णांकालाच ते नाव दिले.

१९९९ साली हा प्रकार भाषेत घेतला गेला. त्या वेळी समितीने 'बूल' हे नाव सरळ बळकावले असते, तर जुनी गाठोडी मोडली असती. तिने तसे केले नाही. आधी खालची रेघ आणि मग इंग्रजीतले मोठे अक्षर, अशी नावे भाषेसाठी राखीव असल्याचे पूर्वीच जाहीर होते. त्यांतले एक नाव नव्या प्रकाराला दिले. ज्याला सुटसुटीत 'बूल' हवे त्याने एक छोटी फाइल जोडून घ्यावी. बाकीच्यांचे जुने चालू राहील.

'बूल' भाषेचा उपजत शब्द झाला तो २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणात. मध्ये पंचवीस वर्षे गेली. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी कम्पायलरच्या पंधराव्या आवृत्तीने हे नवे नियम आपणहून लागू धरले, आणि आमचा हिशेब अडला. पण तिथेही दार उघडे ठेवलेले होते. 'सतरा सालच्या नियमांनी वाच' एवढी सूचना दिली की जुने लिखाण चालते. आम्ही ती दिली. दावे मुदतीत दाखल झाले.

आमची व्याख्या खोडून नवे 'बूल' का वापरले नाही, असे आपण विचाराल. नाव एक असले तरी वस्तू दोन आहेत. पूर्णांकात दोन ठेवले तर दोनच राहतात; नव्या 'बूल'मध्ये त्याचा एक होतो. आमच्या नोंदी चार बाइटांच्या पूर्णांकाने साठवलेल्या, नवे 'बूल' एका बाइटाचे. नटबोल्टाचे आटे जुळले नाहीत तर हाताला कळते. इथे यंत्र तक्रार न करता चुकीचा आकडा वाचते, आणि एखाद्याची सेवावर्षे बुडतात.

सेवाशर्ती बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस द्यावी, हे कलम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आले. २०२० च्या संहितेतही ते आहे. बदल करणाऱ्याने आधी सांगावे, यासाठी आम्ही आयुष्यभर भांडलो. या बाबतीत मात्र नोटीस पंचवीस वर्षे लागलेली होती आणि ती आम्हीच वाचली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

दावे गेल्यावर त्याच तरुणाने सवड काढून जुन्या लिखाणातले 'बूल' बदलले, आणि तिथे आमच्या संघटनेच्या आद्याक्षरांचे नाव घातले. माप जुनेच ठेवले. आता तो हिशेब दोन्ही नियमांनी चालतो. ज्याने तो प्रथम लिहिला, त्याला आम्ही हे पत्राने कळवले आहे.